चेहऱ्यांना प्रकाश देणारा गणिती : योझेफ पेट्झवाल

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील छायाचित्रांकडे पाहताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते. अगदी सुरुवातीच्या चित्रांत माणसे जवळजवळ नाहीतच. रस्ते आहेत, इमारती आहेत, पुतळे आहेत. पण चेहरा नाही. लुई दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये जाहीर झाली, तेव्हा साऱ्या युरोपने तिचे स्वागत केले. मात्र या पद्धतीने माणसाचे चित्र घ्यायचे तर त्याला भर उन्हात कित्येक मिनिटे पापणीही न लववता बसावे लागे. डोके स्थिर राहावे म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावीत. डोळ्यांतून पाणी वाहू लागे, चेहरा आक्रसून जाई आणि एवढे करूनही हाती येई ती एक धूसर छाया. दोष रसायनांचा होता तसाच भिंगाचाही होता. हा दुसरा दोष ज्यांनी दूर केला ते योझेफ पेट्झवाल छायाचित्रकार नव्हते, भिंगे घासणारे कारागीरही नव्हते. ते व्हिएन्ना विद्यापीठात गणित शिकवीत होते.

पेट्झवाल यांचा जन्म ६ जानेवारी १८०७ रोजी स्पिशस्का बेला या गावी झाला. तात्रा पर्वताच्या पायथ्याशी वसलेले हे गाव तेव्हा हंगेरीच्या राज्यात होते. आज ते स्लोव्हाकियात आहे. वडील शाळामास्तर होते आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. घरात संगीत आणि यांत्रिक खटपटी दोन्ही चालत. योझेफ यांचे धाकटे बंधू ओटो हेही पुढे गणिताचे प्राध्यापक झाले. खुद्द योझेफ मात्र शाळेत गणितात कच्चे होते, अशी आख्यायिका आहे. मुलाला चांभारकाम शिकायला पाठवावे, असा विचार घरात सुरू झाला होता म्हणतात. त्या उन्हाळ्यात गणिताचे एक पुस्तक मुलाच्या हाती पडले, त्याने ते स्वतःच वाचून काढले आणि सुटी संपेपर्यंत त्याचे गणिताचे भय गेले. थोरांच्या चरित्रांत अशा गोष्टी नेहमीच आढळतात, त्यामुळे ती किती खरी मानायची हे ज्याचे त्याने ठरवावे. पण पुस्तक हाती घेऊन एकट्यानेच विषयाचा तळ गाठायचा, ही रीत पेट्झवाल यांनी पुढे जन्मभर सोडली नाही, एवढे खरे.

पेस्टच्या विद्यापीठातून १८२८ साली अभियंत्याची पदविका घेऊन ते त्याच शहराच्या सेवेत रुजू झाले. डॅन्यूब नदीच्या पुरापासून शहराचा बचाव करणे हे तेथील अभियंत्यांचे मोठे काम होते. ते सांभाळून पेट्झवाल यांनी १८३२ साली डॉक्टरेट मिळवली आणि विद्यापीठात शिकवायला आरंभ केला. १८३७ साली व्हिएन्ना विद्यापीठात उच्च गणिताचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय अवघे तीस होते. पुढची चाळीस वर्षे ते त्याच पदावर राहिले.

दागेर यांची पद्धत जाहीर झाली त्या सुमारास व्हिएन्नाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आंद्रेआस फॉन एटिंग्सहाउझेन पॅरिसमध्ये होते. त्यांनी ती पद्धत शिकून घेतली आणि परतल्यावर भिंगाची अडचण पेट्झवाल यांच्या कानावर घातली. दागेर यांच्या कॅमेऱ्याला पॅरिसच्या शार्ल शेवालिए यांचे भिंग होते. मुळात ती दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचीच जोडी, उलटी करून कॅमेऱ्याला बसवलेली. तिची प्रतिमा स्वच्छ यावी म्हणून समोर बारीक छिद्राची चकती ठेवावी लागे. नाभीय अंतराच्या सुमारे एक पंधरांश एवढ्याच रुंदीतून प्रकाश आत जाई. छिद्र मोठे केले की प्रकाश वाढे, पण चित्र बिघडे.

ते का बिघडे, हे समजून घेतल्याशिवाय पेट्झवाल यांच्या कामाचे मोल कळणार नाही. भिंगाच्या मध्यातून जाणारे किरण एका ठिकाणी एकत्र येतात आणि कडेने जाणारे किरण दुसऱ्या ठिकाणी. त्यामुळे बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता तिच्याभोवती धुरकट वलय दिसते. याला गोलीय विपथन म्हणतात. निळा आणि पिवळा प्रकाश वेगवेगळ्या अंतरावर एकवटतो, ते वर्ण विपथन. चित्राच्या कडेला येणारा बिंदू धूमकेतूसारखी शेपटी काढतो, किंवा एका अंतरावर उभी आणि दुसऱ्या अंतरावर आडवी रेघ होऊन बसतो. आणि या सर्वांवर मात केली तरी आणखी एक दोष उरतो. भिंगाने उमटवलेली प्रतिमा सपाट नसते; ती वाटीसारखी वक्र असते, आणि छायाचित्राची पट्टी मात्र सपाट.

कोणतेही जुने भिंग हाती आले की हा शेवटचा दोष घरच्या घरी तपासता येतो. भिंतीवर वर्तमानपत्राचे पान ताणून लावावे आणि कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर त्याची प्रतिमा पाहावी. मधला मजकूर स्वच्छ केला की कोपऱ्यांतली अक्षरे पुसट होतात. काच भिंगाच्या दिशेने किंचित सरकवली की कोपरे सुधारतात आणि मध्य बिघडतो. दोन्ही एकाच वेळी स्वच्छ होत नाहीत. जुन्या समूहचित्रांत माणसे अर्धवर्तुळात, टोकाची माणसे कॅमेऱ्याकडे थोडी पुढे आणून बसवलेली दिसतात. त्यामागे शोभेचा हेतू असेलही, पण भिंगाच्या या वाटीशी जुळवून घेण्याचा तो सोपा उपायही होता.

त्या काळी भिंगे बनत ती बहुतांशी हातच्या कौशल्याने. कारागीर काच घाशी, पाही, पुन्हा घाशी. दुर्बिणीच्या बाबतीत जर्मनीच्या फ्राउनहोफर यांनी मोजमापाची आणि हिशेबाची वाट दाखवली होती. पण दुर्बिणीला आकाशाचा एक चिमुकला तुकडा पाहायचा असतो. कॅमेऱ्याला रुंद दृश्य हवे आणि भरपूर प्रकाशही हवा. या दोन्ही मागण्या एकदम पुऱ्या करणारे भिंग आधी कागदावर घडवावे, असे कुणी केले नव्हते. पेट्झवाल यांनी तेच करायचे ठरवले. काच न घासता तिची परीक्षा घ्यायची. वस्तूच्या एखाद्या बिंदूपासून निघालेला किरण पहिल्या पृष्ठभागावर किती वळेल, तेथून दुसऱ्यावर कुठे पडेल, असे करीत तो शेवटी कुठे पोहोचतो हे आकड्यांनी काढायचे. असे अनेक किरण घ्यायचे, मध्यातले आणि कडेचे, पिवळे आणि जांभळे. ते सगळे एका जागी आले नाहीत तर वक्रता बदलायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

ही सारी गणिते लॉगॅरिथमच्या कोष्टकांवर, हाताने करायची होती. एका माणसाचे हे काम नव्हते. अखेर तोफखान्याचे प्रमुख असलेल्या आर्चड्यूक लुडविग यांनी मदतीसाठी तोफखान्यातली दहा-अकरा माणसे दिली. तोफगोळ्याचा मार्ग काढण्याचा सराव असलेले हे शिपाई प्रकाशकिरणांचा मार्ग काढू लागले. गणकयंत्रांच्या कितीतरी आधी, एका प्राध्यापकाच्या देखरेखीखाली, माणसांचेच एक गणकयंत्र व्हिएन्नात चालू झाले होते, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

सुमारे सहा महिन्यांत भिंगाचा आराखडा तयार झाला. त्यात काचेची चार अंगे होती. पुढे क्राउन आणि फ्लिंट या दोन जातींच्या काचा एकमेकींना चिकटवून केलेली जोडी. मागे त्याच जातींची दुसरी जोडी, पण तिच्या दोन काचांमध्ये हवेची फट. पुढच्या जोडीचे तीन आणि मागच्या जोडीचे चार असे सात पृष्ठभाग एका किरणाला ओलांडावे लागत. मागच्या जोडीतली ती हवेची फट फार मोलाची होती, कारण तिच्यामुळे दोन्ही काचांच्या वक्रता स्वतंत्रपणे निवडता आल्या आणि पुढच्या जोडीने शिल्लक ठेवलेले दोष मागच्या जोडीला निस्तरता आले. प्रकाश आत जाण्याची रुंदी आता नाभीय अंतराच्या सुमारे १/३.६ झाली. शेवालिए यांच्या भिंगाशी तुलना करता सोळा-सतरापट प्रकाश पट्टीवर पडू लागला.

व्हिएन्नात १७५६ पासून प्रकाशीय उपकरणे बनवणारी फोइख्टलेंडर ही पेढी होती. तिचे प्रमुख पेटर विल्हेल्म फ्रीडरिश फोइख्टलेंडर यांनी १८४० साली हे भिंग प्रत्यक्षात उतरवले. कागदावरची परीक्षा उत्तीर्ण झालेले भिंग आता उजेडात तपासायचे होते. व्हिएन्नाच्या तंत्रशिक्षण संस्थेचे ग्रंथपाल अँटोन मार्टिन यांनी त्याने चित्रे घेऊन पाहिली. कित्येक मिनिटांचे काम मिनिटाच्या आत येऊ लागले. त्याच सुमारास व्हिएन्नातल्याच काही प्रयोगशील मंडळींनी चांदीची पट्टी अधिक संवेदनशील करण्याच्या रासायनिक युक्त्या शोधल्या आणि वेळ सेकंदांवर आला. १८४१ साली फोइख्टलेंडर यांनी हे भिंग बसवलेला संपूर्ण पितळेचा, शंकूच्या आकाराचा कॅमेरा बाजारात आणला. त्यात उमटणारे चित्र गोल असे. हाही त्या भिंगाशी केलेला समझोताच म्हणायचा, कारण कोपरेच नसले तर कोपऱ्यांतले दोष दिसणार कुठून?

येथे पेट्झवाल यांच्या बुद्धीची खरी ओळख पटते. प्रतिमेची वाटी सपाट कशी करता येईल, याचा नियम त्यांनीच शोधला होता. प्रत्येक भिंगाची शक्ती त्याच्या काचेच्या अपवर्तनांकाने भागायची आणि सर्वांची बेरीज करायची. बेरीज शून्याच्या जितकी जवळ तितकी प्रतिमा सपाट. १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात त्यांनी हा नियम मांडला. आजही प्रकाशशास्त्राच्या पुस्तकांत ती बेरीज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पण त्यांच्या स्वतःच्या सुप्रसिद्ध भिंगात ही बेरीज शून्य नव्हती, त्याच्या जवळपासही नव्हती. चेहऱ्याचे चित्र घेताना चेहरा मध्यभागी असतो. कडेला पडदा असतो, खुर्चीचा हात असतो. मध्य लखलखीत करायचा आणि कडा सोडून द्यायच्या, असा हा हिशेबी निर्णय होता. सर्व दोष एकदम घालवता येत नाहीत, हे त्यांना इतर कुणाहीपेक्षा चांगले ठाऊक होते.

भिंगाला अमाप यश मिळाले. लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत छायाचित्रांचे स्टुडिओ उघडले आणि त्यांच्या कॅमेऱ्यांवर याच बांधणीची पितळी नळी दिसू लागली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी तिच्यात रस घेऊ लागली, तेव्हा व्यक्तिचित्रासाठी जगभर हीच बांधणी प्रमाण मानली जात होती. फ्रान्स आणि इंग्लंडमधील कारागिरांनी तिच्या मनसोक्त नकला केल्या. कलकत्त्यात जन्मलेल्या आणि पुढे इंग्लंडमध्ये नावारूपाला आलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या पहिल्या कॅमेऱ्यालाही पेट्झवाल बांधणीचेच फ्रेंच भिंग होते.

या साऱ्यात पेट्झवाल यांच्या वाट्याला काय आले? एकरकमी दोन हजार गुल्डन. भिंगाच्या विक्रीतला वाटा त्यांनी करारात लिहून घेतला नव्हता. मैत्रीच्या विश्वासावर आराखडा दिला गेला होता, आणि पेढी हजारोंनी भिंगे विकू लागल्यावर तो विश्वास फार काळ टिकणे शक्य नव्हते. १८४५ च्या सुमारास दोघांचे बिनसले. फोइख्टलेंडर यांची बाजू अशी की ठरलेले पैसे चुकते केले. काच निवडली, घासली, बाजार उभा केला तो आपण. त्यात तथ्य नव्हते असे नाही, कारण आराखड्यावरून चेहरे टिपता येत नाहीत. पण आराखडा नसता तर त्या काचेला दुर्बिणीच्या बाजारापलीकडे वाट नव्हती, हेही तितकेच खरे. १८४९ साली फोइख्टलेंडर यांनी जर्मनीत ब्राउनश्वाइग येथे कारखाना काढला. ऑस्ट्रियाचा कायदा तेथे लागू नव्हता.

पेट्झवाल यांनी १८४० सालीच निसर्गदृश्यांसाठी दुसऱ्या एका भिंगाचा हिशेब करून ठेवला होता. १८५० च्या दशकात त्यांनी ते व्हिएन्नाच्या डीट्स्लर या कारागिराकडून बनवून घेतले. त्यावर फोइख्टलेंडर यांनीही त्याच आराखड्याचे भिंग ऑर्थोस्कोप या नावाने विकायला काढले. मग नियतकालिकांतून जाहीर भांडण जुंपले. मोठ्या कारखान्यापुढे डीट्स्लर यांचा निभाव लागला नाही आणि त्यांचा धंदा बुडाला. प्रकाशशास्त्रावर एक विस्तृत ग्रंथ लिहिण्याची पेट्झवाल यांची तयारी चालू होती. १८५९ साली चोरांनी त्यांचे घर फोडले आणि त्यांची हस्तलिखिते नष्ट झाली. तो ग्रंथ त्यानंतर कधीच पुरा झाला नाही. दरम्यान म्युनिकच्या लुडविग झायडेल यांनी १८५६ साली भिंगाच्या पाच मुख्य विपथनांची सूत्रे प्रसिद्ध केली होती, आणि शास्त्राच्या इतिहासात त्या वर्गीकरणाला झायडेल यांचेच नाव लागले. पेट्झवाल त्यांच्या किती पुढे गेले होते, हे सांगणारे कागद आता अस्तित्वात नाहीत.

पेट्झवाल यांच्यावर अन्याय झाला, असे लिहून थांबणे सोपे आहे. परंतु त्यांचे एक दुसरे रूपही नोंदवायला हवे. १८५२ साली व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीत त्यांनी ख्रिस्तियान डॉप्लर यांच्या सिद्धांतावर कठोर हल्ला चढवला. उगम आणि निरीक्षक यांच्या सापेक्ष गतीमुळे लहरींची वारंवारता बदललेली जाणवते, हे डॉप्लर यांनी १८४२ साली मांडले होते. हॉलंडमध्ये बॉइस बॅलट यांनी १८४५ साली धावत्या आगगाडीत तुतारीवादक बसवून ते ध्वनीच्या बाबतीत खरे करून दाखवलेही होते. पेट्झवाल यांना ते मान्य नव्हते. विकल समीकरणांच्या भक्कम पायावर न उभारलेला, दोन-चार ओळींत मावणारा सिद्धांत निसर्गाचा नियम असूच शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. आजारी डॉप्लर यांचे संस्थेचे संचालकपद गेले. ते एटिंग्सहाउझेन यांच्याकडे आले. मार्च १८५३ मध्ये व्हेनिस येथे डॉप्लर यांचे क्षयाने निधन झाले. आज रुग्णालयांतील तपासणीपासून ताऱ्यांच्या वेगापर्यंत डॉप्लर परिणाम वापरला जातो. काचेतला बारीकसा दोष हेरणाऱ्या या गणितज्ञाला समोरच्या माणसाचे साधेसुधे सत्य दिसू शकले नाही. त्यांच्या विकल समीकरणांवरील द्विखंडी ग्रंथावरही पुढे त्यांच्याच एका विद्यार्थ्याने उसनवारीचा आरोप केला. वादांनी त्यांची पाठ कधीच सोडली नाही, आणि त्यांनीही वादांची.

विद्यार्थ्यांच्या आठवणीत मात्र वेगळेच पेट्झवाल राहिले. व्हिएन्नाबाहेरच्या काहलेनबर्ग टेकडीवर, एका जुन्या मठाच्या इमारतीत ते राहत आणि काळ्या अरबी घोड्यावर बसून विद्यापीठात व्याख्यान द्यायला येत. तलवारबाजीत त्यांचा हात धरणारे थोडे होते. लुडविग बोल्ट्झमन यांच्यासारखा पुढे थोर ठरलेला शास्त्रज्ञ त्यांच्या व्याख्यानांना बसला होता. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, १८६९ साली, त्यांनी आपल्या घराची व्यवस्था पाहणाऱ्या स्त्रीशी विवाह केला. काही वर्षांतच ती वारली. १८७७ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी लोकांत मिसळणे जवळपास सोडून दिले.

त्यांच्या हयातीतच त्यांच्या भिंगाचा एक चमत्कारिक प्रवास सुरू झाला होता. लंडनचे डॅलमायर यांनी १८६६ साली त्याची सुधारित आवृत्ती काढली. तिच्यातील मागच्या जोडीची एक काच फिरवली की गोलीय विपथन मुद्दाम वाढवता येई आणि चेहऱ्यावरच्या रेषा मऊ होत. जे विपथन नाहीसे करण्यासाठी तोफखान्याचे शिपाई कोष्टके चाळत बसले होते, ते आता हवे तेवढे परत आणण्याची सोय झाली होती! गिऱ्हाइकाला स्वच्छ चित्र हवे असते, पण आपला चेहरा फार स्वच्छ नको असतो, हे स्टुडिओवाल्यांना लवकरच उमगले होते.

प्रतिमा सपाट करण्याचा नियम हाती असूनही त्याचा पुरा लाभ पेट्झवाल यांना घेता आला नाही, याचे कारण काच. रंगदोष घालवायचा तर बहिर्गोल भिंग कमी अपवर्तनांकाच्या क्राउन काचेचे आणि अंतर्गोल भिंग अधिक अपवर्तनांकाच्या फ्लिंट काचेचे लागे. सपाट प्रतिमेसाठी नेमके उलटे हवे होते. अधिक अपवर्तनांकाची नवी क्राउन काच येना येथे ओटो शॉट आणि एर्न्स्ट आबे यांनी १८८६ पर्यंत तयार केली. तिच्या आधारे झाइस कारखान्यातील पाउल रुडोल्फ यांनी १८९० साली असे भिंग रचले, ज्यात पेट्झवाल यांची अट आणि रंगशुद्धी बरोबर नांदू शकली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८९१ मध्ये, पेट्झवाल व्हिएन्नात मरण पावले. वय चौऱ्याऐंशी होते.

स्टुडिओंतून त्यांचे भिंग हळूहळू मागे पडले; पण भरपूर प्रकाश आणि मध्यभागी लख्ख प्रतिमा हवी असलेल्या चित्रपटगृहांच्या प्रक्षेपकांत त्याच बांधणीची भिंगे विसाव्या शतकात दीर्घकाळ वापरली गेली. स्पिशस्का बेला येथील त्यांच्या जन्मघरी आज त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. हंगेरी, स्लोव्हाकिया आणि ऑस्ट्रिया हे तिन्ही देश त्यांना आपले मानतात. चंद्राच्या पलीकडल्या बाजूवरील एका विवराला त्यांचे नाव दिलेले आहे. आणि २०१३ साली लोमोग्राफी या व्हिएन्नातील कंपनीने त्यांच्या भिंगाची पितळी आवृत्ती पुन्हा बाजारात आणली, ती डिजिटल कॅमेऱ्यांसाठी. ग्राहकांनी ती घेतली ती मध्यातल्या स्वच्छतेसाठी नव्हे. कडांना पाने आणि दिवे भोवऱ्यासारखे गरगरताना दिसतात, त्यासाठी.